सुदानच्या युद्धाबद्दल आपल्याकडे कोणी बोलत का नाही?

उंबरठा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर युक्रेनवरून दोन काका सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते, आणि गाझावरून एवढी जुंपली की अ‍ॅडमिनला "फक्त पाणी आणि पार्किंग" असा नियम काढावा लागला. पण सुदान? एक मेसेज नाही. १५ एप्रिल २०२३ ला तिथलं सैन्य आणि आरएसएफ नावाची निमलष्करी फौज यांच्यात जे पेटलं त्यात सव्वा कोटीच्या आसपास माणसं घरातून उठली, ऑगस्ट २०२४ मध्ये पश्चिम सुदानमधल्या दारफूर भागात झमझमच्या विस्थापितांच्या छावणीत लोक उपासमारीने मरतायत हे अधिकृतपणे जाहीर झालं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दारफूरमधलंच अल फाशर आरएसएफच्या हाती पडलं, दीड वर्ष वेढा होता त्या शहराला. तिथल्या हॉस्पिटलात ४६० हून जास्त पेशंट आणि त्यांच्या सोबतची माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. सॅटेलाइट फोटोत जमिनीवर लालसर डाग दिसत होते. मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि मग खाली सरकवून मॅचचा स्कोर बघितला, म्हणजे मी पण त्यातलाच, शहाणपणा शिकवत नाहीये. एवढंच विचारायचंय की कुठलं युद्ध आपल्या डोळ्यात भरतं आणि कुठलं नाही हे नक्की ठरतं कशावर? मेलेल्यांच्या आकड्यावर तर नक्कीच नाही.

रात्रपाळी
बावीस वर्षं मराठी पेपरच्या डेस्कवर काढली, आता निवृत्त, तेव्हा आतलं सांगतो. विदेशचं पान म्हणजे अर्धी जाहिरात आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं जग. आपला माणूस तिथे नसतोच, एजन्सीची कॉपी येते, भाषांतर करायचं आणि फोटो चांगला असेल तर बातमी वर घ्यायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन सुरू झालं तेव्हा फोटो निवडताना दमायला व्हायचं. पोलंडमधून ट्रेन पकडली की पत्रकार थेट ल्विव, किव्ह. सुदानला पत्रकाराला व्हिसा मिळता मिळत नाही आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तर जवळपास सगळ्या देशाचं नेट बंद. खार्तूमचे फोटो यायचे ते धूर, परत धूर, आणि लांबून काढलेला धूर.

पण खरं सांगू का, जिल्ह्याच्या आवृत्तीने युक्रेन उचलला तो फोटोमुळे नाही. "आपल्या तालुक्यातली मुलगी खारकीवच्या बंकरमध्ये" ह्या एका ओळीमुळे. एमबीबीएसला गेलेली मुलं, प्रत्येक तालुक्यात कोणीतरी होतंच. आई फोन कानाला लावून ओट्यापाशी उभी, आमचा वार्ताहर समोर चहा घेऊन बसलेला, आणि मुलगी तिकडून सांगतेय की रांगेत पाणी संपलं. असा मजकूर कुठली एजन्सी देणार? सुदानमधून पण आपली माणसं आणली की, ऑपरेशन कावेरी, ३८०० च्या वर लोक, पोर्ट सुदानहून जहाजाने आणि विमानाने जेद्दाला. मे २०२३ च्या सुरुवातीला ते आटोपलं. माणसं आली, बातमी संपली. मीच ती शेवटची बातमी लावली होती, तीन परिच्छेद.

अजून एक अडचण म्हणजे हेडिंग. सैन्याचा प्रमुख बुरहान आणि आरएसएफचा प्रमुख हेमेदती, दोघांनी मिळून २०२१ मध्ये सत्ता बळकावली आणि दोन वर्षांत एकमेकांवर उलटले. यात चांगला कोण? वाचकाला बाजू घ्यायला जागाच नाही.

सरळसोट
एवढं लांबण कशाला, गोरे मेले की बातमी, काळे मेले की आकडा. २०२२ ला एका अमेरिकन चॅनेलचा वार्ताहर किव्हमधून लाईव्ह बोलून गेला की हे काय इराक अफगाणिस्तान नाही, त्या मानाने सुसंस्कृत शहर आहे, नंतर माफी मागितली ती गोष्ट वेगळी. त्याच वर्षी इथियोपियातल्या टिग्रे प्रांताबद्दल टेड्रोस जाहीर बोलले की कदाचित कातडीच्या रंगामुळे दुर्लक्ष होत असेल. ते स्वतः टिग्रेचे, जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख. इथियोपियातलं ते युद्ध दोन वर्षं चाललं आणि मेलेल्यांचे अंदाज सहा लाखांपर्यंत जातात. किती जणांना आठवतंय इथे? हात वर करा.

जुनीवही
@सरळसोट, रंगाचा भाग आहेच, नाकारत नाही, पण तेवढ्याने भागत नाही. कारण हेच अल फाशर, हाच दारफूर, २००४ च्या सुमारास जगाच्या तोंडी होता. आरएसएफ म्हणजे त्या वेळच्या सरकारने पोसलेल्या जंजावीद टोळ्यांचीच पुढची आवृत्ती, म्हणजे मारणारे पण बरेचसे तेच. तेव्हा अमेरिकेत कॉलेजांत, चर्चमध्ये, ज्यू संस्थांमध्ये मोर्चे निघत होते, हॉलिवूडचा नट जॉर्ज क्लूनी भाषणं करत होता, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल साहेबांनी सप्टेंबर २००४ मध्ये त्याला वंशसंहार म्हटलं, २००९ ला सुदानचे अध्यक्ष बशीर यांच्यावर आंतरराष्ट्रीय वॉरंट निघालं. माणसं काळीच होती ना तेव्हा पण? फरक असा की रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहाराला नुकती दहा वर्षं झालेली, तेव्हा गप्प बसलो याची टोचणी ताजी होती, आणि खलनायक एकच होता, खार्तूमचं सरकार, जे अमेरिकेला आधीपासूनच नकोसं होतं.

आता बघा. सुदानचं सोनं मोठ्या प्रमाणात दुबईला जातं, आरएसएफला शस्त्रं यूएईकडून मिळतात असा आरोप आहे, यूएई तो साफ नाकारते. सुदान मार्च २०२५ ला यूएईविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, मे महिन्यात न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून केस काढून टाकली. यूएईला दुखवायला अमेरिका, युरोप, कोण तयार आहे? आपण तरी आहोत का? आपली किती मराठी माणसं तिकडे नोकरीला, माझा सख्खा भाचा शारजात. पुतिनला शिव्या घालायला पश्चिमेकडच्या सरकारांचं काही जात नव्हतं, उलट त्यांना ते हवंच होतं. वर सरकार बोलतं, मग चॅनेल बोलतं, मग आपण चहाच्या टपरीवर बोलतो. @रात्रपाळी, फोटो नाहीत हे पण आता पूर्ण खरं नाही. अल फाशरमध्ये मारणाऱ्यांनीच स्वतःचे व्हिडिओ काढून टाकले होते. आणि गाझात तर इस्रायल बाहेरच्या पत्रकारांना मोकळं जाऊच देत नव्हतं, तरी तिथल्या पोरांनी मोबाईलवर सगळं दाखवलं, दोनशेच्या वर पत्रकार त्यात मेले.

मणीगळ
मी निफाडकडचा, द्राक्षवाला. तुमच्या मोठ्या चर्चेत आमचं छोटं. येमेनमध्ये सौदीने मार्च २०१५ पासून बॉम्ब टाकले, २०२१ संपेपर्यंत पावणेचार लाख माणसं गेली असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज, त्यातली निम्म्याहून जास्त भुकेने नि रोगराईने. त्या सगळ्या वर्षांत आमच्या पॅकहाऊसमध्ये येमेन हा शब्द एकदा पण निघाला नाही. मग २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजं फोडायला घेतली, आणि जानेवारीत आमचा सीझन. जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, रॉटरडॅमला माल पोचायला दोन आठवडे जास्त, कंटेनरचं भाडं आभाळाला. द्राक्ष थांबतंय का? देठ वाळतो, ग्रेपगार्ड (पेटीत ठेवतात तो माल टिकवणारा कागद) घालून पण किती दिवस, तिकडे पेटी उघडली की मणी खाली. तेव्हा आमच्या पारावर एकेका म्हाताऱ्याला बाब अल मंदेब, म्हणजे लाल समुद्राच्या तोंडाची सामुद्रधुनी, तोंडपाठ झालं. माझे वडील सातवी शिकलेले, रोज सकाळी विचारायचे "हूथी काय म्हणतायत?" लाज वाटायची काय असेल ती असेल, पण खिशाला लागल्याशिवाय कान उघडले नाहीत हे मान्य.

रात्रपाळी
@मणीगळ, हे आजचं नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत बॅक बेला समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपनीच्या शेअरवर लोकांनी घरं लावली. १८६५ ला तिकडे शांतता झाली आणि इकडे बँका बुडाल्या. लांबच्या देशातल्या तहाने रडणारं गाव म्हणजे मुंबई.

टिळकवाडीकर
बाजार, सरकार, रंग सगळं मान्य, पण एक माणूस पण फरक पाडतो हे कोणीच म्हणालं नाही म्हणून लिहितो. आमच्या बेळगावात जन्मलेला (कुठल्या राज्यातलं बेळगाव ते आज नको, धागा हायजॅक होईल) गोवेकर ख्रिश्चन कुटुंबातला अँथनी मास्करेन्हस. वाढला कराचीत, तिथेच पत्रकार. १९७१ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानी सैन्याने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात फिरवलं, कसं सगळं सुरळीत चाललंय ते लिहा म्हणून. सात जणांनी सांगितलं तसं लिहिलं. हा घरी येऊन बायकोला म्हणाला की जे बघितलं ते लिहिता येत नसेल तर परत एक शब्द लिहिणार नाही. बहिणीच्या आजारपणाचं निमित्त करून लंडनला गेला, संडे टाइम्सच्या संपादकाला भेटला, पण आधी बायको आणि पाच पोरं कराचीतून बाहेर काढायची होती. ऑपरेशन यशस्वी झालं अशी सांकेतिक तार घरी आली, बायकापोरं निघाली, आणि संशय नको म्हणून आधी पाकिस्तानात परतलेला हा स्वतः जमिनीवरून अफगाणिस्तानात निसटला. १३ जून १९७१ ला छापून आलं, हेडिंग एका शब्दाचं, वंशसंहार. त्याआधी पण बातम्या येत होत्याच, पण हा सैन्याच्या मेसमध्ये त्यांच्याबरोबर जेवलेला माणूस, अधिकारी त्याच्यासमोर बिनधास्त बोललेले. निक्सन सरकार पाकिस्तानच्या बाजूने असून तिकडची सामान्य माणसं हलली.

जुनीवही
भारी माहिती, बेळगावचं माहीत नव्हतं. पण आपल्यापुरतं बोलायचं तर एक कोटीच्या घरात निर्वासित आपल्या दारात येऊन बसले होते, आपल्याला मास्करेन्हस नसता तरी कळलंच असतं. अल फाशरची माणसं पळून शेजारच्या चाडला जातात. चाडचं किती वाचतो आपण?

टिळकवाडीकर
शून्य. बरोबर आहे.

उंबरठा
सगळ्यांना धन्यवाद, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. काल मी धीर करून सोसायटीच्या ग्रुपवर अल फाशरची बातमी टाकली. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला, आणि लगेच खाली "बी विंगची टाकी उद्या साफ होणार". नियमाप्रमाणे पाणी आणि पार्किंग. वाचता वाचता एक सापडलं, जगातला बाभळीचा डिंक, तो कोल्ड्रिंकमध्ये आणि गोळ्यांच्या लेपात वापरतात तो, त्यातला मोठा हिस्सा सुदानचा, आणि त्यातला बराच सुदानच्याच कोर्दोफान भागातून येतो जिथे आता लढाई सरकलीय. @रात्रपाळी, समजा डिंक संपला आणि कोल्ड्रिंक दहा रुपयांनी महागलं तर?

रात्रपाळी
पहिलं पान. पण सुदान हेडिंगमध्ये नसणार.

मणीगळ
अवांतर: यंदा रॉटरडॅमचं कंटेनर भाडं कोणाला माहीत असेल तर व्यनि करा.