जीएए क्लबने आपलं मैदान सॉकर-क्रिकेटला द्यावं का?

शॅननकाठची:
आयर्लंडमधल्या बहुतेक छोट्या गावांत सगळ्यात चांगलं मैदान गेलिक अॅथलेटिक असोसिएशनच्या, म्हणजे हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) आणि गेलिक फुटबॉल (हातापायांनी खेळायचा आयरिश फुटबॉल) चालवणाऱ्या जीएएच्या क्लबचं असतं. शेजारी सॉकरची पोरं चिखलात खेळतात, क्रिकेटवाल्यांना तर जागाच नसते. क्लबला सरकारी क्रीडा अनुदान मिळतं, मग मैदान सगळ्या गावाला का नाही? 2018 मध्ये कॉर्कला दिवंगत सॉकरपटू लियम मिलरच्या कुटुंबासाठी मदतीचा सामना ठरला, तेव्हा जीएएचं पार्क ई क्वीव स्टेडियम द्यायला आधी नकार मिळाला. त्याच्या बांधणीत सरकारचे 3 कोटी युरो होते! लोक संतापले तेव्हा कुठे परवानगी मिळाली. मला हे पटत नाही.

थर्ल्सवासी:
मी पूर्ण विरोधात. कितीतरी क्लबांच्या जमिनी पॅरिशमधल्या (चर्चच्या परिसरातल्या) लोकांनी लॉटोची, म्हणजे सोडतीची तिकिटं विकून, दारोदार वर्गणी मागून घेतल्यात. गवत कापणारे, पोरांना शिकवणारे बहुतेक सगळे बिनपगारी. खेळाडूही तसेच. रविवारी क्रोक पार्कमध्ये, जीएएच्या डब्लिनमधल्या मुख्य स्टेडियमवर, 82 हजार लोकांसमोर ऑल-आयर्लंड (काऊंटी संघांची देशभरची स्पर्धा) फायनल खेळलेला माणूस नंतर आपल्या शाळेत शिकवायला हजर होतो. रग्बी-सॉकरच्या मागे जगभरचा पैसा आहे. हर्लिंगच्या मागे फक्त हे क्लब आहेत.

मेयोची माई:
थर्ल्सवासी, कष्ट मान्य. पण 'आपला खेळ वाचवायचा' म्हणून काय काय झालं तेही बघा. आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड 1938 मध्ये सॉकरचा सामना बघायला गेले म्हणून जीएएने त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. सदस्यांवरची परक्या खेळांची बंदी थेट 1971 पर्यंत टिकली. आणि संस्थेचे एक संस्थापक मायकल क्युसॅक स्वतः क्रिकेट, रग्बी खेळलेले! 2007 मध्ये क्रोक पार्कवर रग्बी झालं, त्याने हर्लिंगचं काहीही बिघडलं नाही.

थर्ल्सवासी:
क्रोक पार्कला पगारी माणसं आणि यंत्रं आहेत. गावात एकच मैदान. हिवाळ्यात त्यावर सॉकर झालं की वसंतात हर्लिंगला चिखल उरतो, आणि चेंडू जमिनीवरून नीट सरकत नाही. क्रिकेटला मधोमध टणक पट्टी हवी, ती गेलिक फुटबॉलमध्ये पडणाऱ्याचे गुडघे फोडेल. 1938 चं कशाला उकरता? हा गवताचा प्रश्न आहे.

शॅननकाठची:
गवताचं पटलं, खरंच. मग सरकारी अनुदान घेऊन कृत्रिम गवताचं मैदान बांधा आणि त्याच्या वेळा वाटून द्या. मुख्य मैदान क्लबचंच राहू दे.

गॉलवेकर:
एक बाजू कुणी मांडलीच नाही. बॅलीहॉनिससारख्या मेयो काऊंटीतल्या गावात पाकिस्तानी कुटुंबं बरीच आहेत. जवळच्या बॅलाहाडरीनचा शैरोज अक्रम पाकिस्तानात जन्मलेला, आणि 2016 मध्ये मेयोच्या 21 वर्षांखालच्या गेलिक फुटबॉल संघातून ऑल-आयर्लंड जिंकला. क्रिकेटचा वेगळा कोपरा दिला की आपली, बाहेरून आलेल्यांची मुलं तिकडेच जमणार. हातात हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी घेतली तर शाळेतले सगळेच सोबती होतात. म्हणून मी म्हणेन, मैदान मागण्याआधी मुलांना क्लबच्या अंडर-8 संघात पाठवा.

मेयोची माई:
नाही पटत. त्या मुलाचं कौतुक आहेच, पण प्रत्येक पोराला हर्लिंग आवडेलच असं नाही. ज्याला क्रिकेट खेळावंसं वाटतं त्याने गावात मिसळण्यासाठी आपली आवड का सोडायची? गोऱ्या मुलांनाही क्रिकेट खेळायला बोलवा की. आयर्लंडला 2017 पासून कसोटी दर्जा आहे, हा त्यांचाही खेळ आहे. माझ्या मते काऊंटी कौन्सिलने सार्वजनिक जमिनीवर पट्टी करून द्यावी, क्लबच्या दारात उभं राहायची वेळच येऊ नये.

थर्ल्सवासी:
या एका मागणीवर माझी सही आहे. कौन्सिलला पत्र लिहा, क्लबचं गवत सोडा.