अंजनेरीच्या कंदीलपुष्पाचं चित्र: फूल न तोडता अचूक कसं काढावं आणि त्यातून संवर्धनाला मदत कशी व्हावी?

कुंचला_गंगापूररोड
नमस्कार. नाशिकमधले आम्ही सहा जण जलरंगात वनस्पतिचित्रं करतो. अंजनेरी-त्र्यंबक भागातल्या दुर्मीळ वनस्पतींची बारा चित्रं करायची, त्यांच्या प्रिंट विकायच्या आणि पैसे संवर्धनाला द्यायचे, असा विचार आहे. सुरुवात अंजनेरीच्या कंदीलपुष्पापासून, म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिकापासून. फूल तोडायचं नाही हे पक्कं. मग आतली रचना कशी दाखवायची? पावसात गडावर कागद ओला होतो, त्याचं काय? रंग कोणते टिकतील? आणि पैसे नेमके कुणाला द्यावेत? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

सड्यावरचं_भिंग
ताई, आधी एक गोष्ट. ही जात २००६ मध्ये नवी म्हणून नोंदली गेली, आणि तिच्या जवळच्या जातींशी तिची गल्लत सहज होते. चित्र सुंदर आलं पण त्यावरून जात ओळखता आली नाही, तर संवर्धनाला त्याचा उपयोग शून्य. त्यामुळे गडावर चित्र काढू नका, मापं घ्या. खरं काम तेच आहे.

सोबत प्लास्टिकचा डिव्हायडर (टोकदार धातूचा नको, देठाला लागतो), १५ सेंटिमीटरची पट्टी, १० पट भिंग आणि २ एच पेन्सिल असू द्या. पेनची शाई धुक्यात पसरते. फुलाची एकूण लांबी, तळच्या फुगीर भागाची रुंदी, नळीची सर्वांत अरुंद जागा, पाकळ्यांची लांबी, देठ, पानाची लांबी-रुंदी आणि दोन पेरांमधलं अंतर अशी सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहा. शक्य तर तीन-चार रोपांची घ्या. एकाच रोपावरून काढलं तर त्या रोपाचं व्यंगही चित्रात जातीचं लक्षण म्हणून उतरतं.

फोटोत सगळे फसतात ते इथे: मोबाइल फुलाला चिकटवून फोटो काढला की पुढचा भाग फुगतो आणि नळी आखूड दिसते. मीटरभर मागे सरका, झूम वापरा, आणि पट्टी फुलाच्या मागे किंवा पुढे न धरता त्याच्याच प्रतलात धरा.

आता आतली रचना. कंदीलपुष्पाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत उतरते, पण केसांमुळे वर येऊ शकत नाही. तळच्या फुगीर कोठीत फिरताना परागपिंडांची (परागकणांच्या गोळ्यांची) जोडी तिच्या सोंडेला चिकटते. नंतर केस कोमेजतात आणि माशी सुटते. म्हणून फुलाचं वय नोंदवा. ताज्या फुलात केस ताठ असतात, जुन्यात मरगळलेले. ताज्या फुलाची नळी काढून आत मरगळलेले केस दाखवले, तर ते फूल निसर्गात कुठेच नसतं. उभा छेद गळून पडलेल्या फुलावरून काढता येतो, पण त्यात केस गेलेले असतात. ताजी रचना हवी असेल तर लागवडीतलं फूल पाहावं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात सेरोपेजियाच्या जातींवर मोठं काम झालं आहे. तिथे रीतसर पत्र लिहून विचारा. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहातले वाळवलेले नमुनेही अभ्यासासाठी पाहता येतात. वाळलेल्या नमुन्यात रंग गेलेला असतो, पण पानाची शीर आणि देठाची लव नीट दिसते.

कंद खणून दाखवायचा मोह आवरा. गुराखी मुलं आणि रानडुकरं तो आधीच खणून खातात. शेंगा मात्र जरूर घ्या. शिंगांसारखी जोडी असते आणि बियांना रेशमी झुपका. शेंगांशिवाय चित्र अर्धंच राहतं.

हॉटप्रेस
कागद आणि रंगांचं मी सांगतो. कागद गुळगुळीत हॉट प्रेस, ३०० जीएसएम, शंभर टक्के सुती. खरबरीत कागदावर नळीतले केस काढता येत नाहीत, कुंचला उंचवट्यांवरून उड्या मारतो. गडावर हा कागद नेऊच नका. पावसाळी हवेत त्याचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, बिघडतं, मग रंग टिपकागदासारखा शोषला जातो आणि कडा फुटते. घरीही जून ते सप्टेंबर कागद झिप पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तपकिरी ठिपके आले म्हणजे बुरशी धरली, तो कागद बाद.

गडावर फक्त रंगपट्टी न्यायची. घरी कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्यांवर मिश्रणं लावून क्रमांक द्यायचे, वर लॅमिनेशन करायचं. गडावर पट्टी फुलाशेजारी धरून वहीत नुसते आकडे लिहायचे: नळी ७ आणि ८ च्या मध्ये, पाकळीचं टोक १४. हे ढगाळ पण उघड्या प्रकाशात करा. झाडाखाली किंवा रंगीत छत्रीखाली नको, सगळ्या छटांवर छत्रीचा रंग चढतो.

रंग घेताना नाव वाचू नका, ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. जांभळ्या-तपकिरी छटांसाठी लोक अलिझरिन क्रिमझन घेतात. त्यात पीआर ८३ असेल तर उजेडात काही वर्षांत लाली उडते आणि फूल राखाडी होतं. त्याऐवजी पीव्ही १९ आणि अल्ट्रामरीन पीबी २९ यांचं मिश्रण करा, त्यात थोडा बर्न्ट सिएना. ओपेरा रोज तर अजिबात नको. हिरवा तयार घेऊ नका. पीबी १५ आणि पीवाय १५० पासून करा, त्यात अगदी कणभर पीव्ही १९ घातला की पावसाळी गवताचा भडकपणा जातो.

रेखाटन ट्रेसिंग पेपरवर पूर्ण करून, मापं पुन्हा तपासून मगच मूळ कागदावर उतरवा. हॉट प्रेसवर खोडरबर दोनदा फिरला की पृष्ठभाग उसवतो, आणि तो डाग रंग लावल्यावर दिसतो, आधी नाही. पहिले तीन-चार थर पातळ. प्रत्येक थर वाळायला नाशिकच्या श्रावणात अर्धा-पाऊण तास धरा. घाई केली की खालचा थर उचलला जातो. केस शेवटी, शून्य क्रमांकाच्या कुंचल्याने, जवळजवळ कोरड्या रंगात.

कुंचला_गंगापूररोड
दोघांचेही मनापासून आभार. प्रिंटसोबत पूर्ण माहिती द्यावी असं वाटतंय: सापडण्याची जागा, उंची, महिना. चालेल ना?

वनपायवाट
जागा देऊ नका. कळकळीने सांगतो. 'अंजनेरी, जि. नाशिक' एवढं पुरे. उंची, वाट, जवळची खूण, काहीही नको. समाजमाध्यमांवर टाकण्याआधी मोबाइलच्या फोटोतली स्थाननोंदही काढून टाका. फुलाचे हौशी आणि कंद विकणारे, दोघंही ती वाचतात. नेमकी नोंद वेगळ्या कागदावर लिहा आणि वनखात्याला व अभ्यासकांना द्या. चित्राच्या कागदामागे त्या नोंदीचा क्रमांक पेन्सिलने टाका.

अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथून पान, बी, माती काहीही आणायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. मापं घ्यायला जातानाही आधी कळवलेलं बरं, आणि एका वेळी दोनच जण जा. सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, माती बोटभर असते. फूल नसलेली रोपं गवतात ओळखू येत नाहीत, आणि एका फुलासाठी सहा जण गुडघे टेकून बसले तर शेजारची तीच रोपं चिरडली जातात. वाटेवरून किंवा उघड्या खडकावरून पोचता येईल तेच रोप निवडा.

वहीखातं
पैशांचा हिशेब आधी ठरवा, चित्र नंतर. 'नफ्यातला वाटा संवर्धनाला' असं कधी लिहू नका. नफा किती हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि शेवटी काही उरत नाही. समजा ५० प्रिंट, छपाई प्रत्येकी ३५० रुपये, म्हणजे १७,५०० रुपये आधी गुंतवायचे. विक्री ९०० ला. 'प्रत्येक प्रिंटमागे २०० रुपये' असं प्रिंटवरच छापा. पन्नास विकल्या तर १०,००० जातील, वीस विकल्या तर ४,०००. वीस विकल्यावर मिळतात १८,०००, म्हणजे छपाई निघते पण देणगी खिशातून भरावी लागते. पंचविसाव्या प्रिंटला दोन्ही सुटतं. म्हणून पहिली खेप २० चीच करा.

द्यायचे कुणाला? जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि स्थानिक जैवविविधता निधीची तरतूदही त्याच कायद्यात आहे. समिती कामाला लागलेली असेल तर तिच्याशी ठराव करून विशिष्ट कामासाठी द्या: माहितीफलक, पायवाटेची आखणी, लोक जैवविविधता नोंदवहीसाठी चित्रं. संस्थेला देत असाल तर ८०जी ची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती देणगीदार म्हणून तुमच्या नावाने येईल. प्रिंट विकत घेणाऱ्याला करसवलत मिळत नाही, तसं आश्वासन देऊ नका.

छपाईआधी ६०० डीपीआय, १६ बिट स्कॅन, आणि स्कॅनरचं शार्पनिंग बंद. फिक्या छटा स्कॅनमध्ये पांढऱ्या होतात आणि जांभळा निळ्याकडे झुकतो, म्हणून मूळ चित्र शेजारी ठेवून एक नमुना प्रत काढून घ्या. बाराही चित्रं एकदम छापायला टाकू नका.

सड्यावरचं_भिंग
एक राहिलं. छेदाशेजारी 'दुप्पट' किंवा 'पाचपट' असं लिहू नका. प्रिंट लहान-मोठी झाली की ते खोटं ठरतं. मिलिमीटरची मापरेषा काढा, ती चित्रासोबत लहान-मोठी होते. आणि चित्रकाराचं नाव व तारीख कागदाच्या पुढच्या बाजूला लिहा. १८४७ ते १८५० दरम्यान पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत तिचा अधीक्षक गिब्सनने एका चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरात जपलेली आहेत, पण काढणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

कुंचला_गंगापूररोड
मापरेषा आणि नावाचं नक्की. वनखात्याला पत्र या आठवड्यात देतो, मापं घ्यायला जाणाऱ्या दोघींची नावं घालून. रंगपट्ट्या आजपासून करायला घेतल्या आहेत.