नैराश्य, बंदूक आणि घरच्यांच्या हातात काय आहे

सांजवारा: अमेरिकेत मोठा गोळीबार झाला की दोन दिवसांत ‘हल्लेखोर नैराश्यात होता’ अशी बातमी येते. वेळेत उपचार झाले तर हे गोळीबार थांबतील का? आणि घरात बंदूक असलेल्या माणसाला नैराश्य आलं, तर निदान झाल्यावर ती आपोआप जमा होते का?

देवराई: जमा होत नाही. 1968च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बंदी येते ती न्यायालयाने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं किंवा सक्तीने रुग्णालयात दाखल केलं तर. नुसत्या निदानाने बंदूक विकत घेताना दुकानात होणारी पूर्वइतिहासाची पडताळणी अडत नाही, आणि जो डॉक्टरकडे गेलाच नाही त्याची तर कुठे नोंदच नसते.

आता गोळीबाराचं. 2021मध्ये तिथे बंदुकीने 48,830 माणसं गेली. त्यात 26,328 आत्महत्या, 20,958 खून. नैराश्याचा संबंध आहे तो मुख्यतः पहिल्या आकड्याशी, आणि त्याची बातमी होत नाही. गंभीर मानसिक आजार पूर्ण नाहीसे झाले तरी इतरांवरची हिंसा जेमतेम 4 टक्क्यांनी घटेल, असा या विषयाचे अमेरिकी संशोधक जेफ्री स्वॉन्सन यांचा अंदाज आहे. तेव्हा नैराश्याच्या रुग्णाला संभाव्य हल्लेखोर म्हणणं सरळ अन्याय आहे. हा शिक्का बसेल या धास्तीने माणसं उपचार टाळतात, हे आणखी वाईट.

औदुंबर: उपचार सुरू झाले म्हणून घरच्यांनी निर्धास्त होऊ नये. नैराश्यावरच्या औषधांचा पुरता गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढूही शकतात, तसा ठळक इशारा अमेरिकेत या औषधांवर छापलेला असतो. स्वतःचा जीव घेण्याची ऊर्मी बरेचदा थोड्या वेळात ओसरते, पण बंदूक हाताशी असली तर तेवढा वेळच मिळत नाही. म्हणून हे आठवडे ती घराबाहेर हवी: नातेवाइकाकडे, किंवा काही बंदूक दुकानं आणि पोलीस ठाणी ठेवून घेतात तिथे. काही राज्यांत तात्पुरती दुसऱ्याकडे द्यायलाही पडताळणी लागते, ते आधी विचारा. बाहेर नेणं जमत नसेल तर बंदुकीच्या तिजोरीचा गुप्त आकडा बदला, तो दुसऱ्याच कुणाकडे ठेवा, काडतुसं मात्र घरातून हलवाच.

चुका ठरलेल्या असतात. किल्ली त्याच कपाटाच्या वरच्या खणात राहते. एक बंदूक हलवतात, दुसरी गाडीत तशीच. आधी सगळ्या मोजून घ्या. आणि बोलताना ‘तुझ्यावर विश्वास नाही’ असा सूर नको. ‘बरं वाटेपर्यंत माझ्याकडे राहू दे, मग घेऊन जा’ एवढं पुरे. थेट विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

सांजवारा: आणि तो द्यायला तयारच नसेल तर?

देवराई: वीसहून जास्त राज्यांत न्यायालयाकडे अर्ज करून बंदूक तात्पुरती काढून घेता येते. कनेक्टिकटने 1999मध्ये सुरुवात केली. तिथल्या अभ्यासात अशा दर 10 ते 20 जप्त्यांमागे एक आत्महत्या टळल्याचा अंदाज निघाला. बहुतेक ठिकाणी घरचेही अर्ज करू शकतात, काही ठिकाणी फक्त पोलीस. आधी थोड्या दिवसांचा आदेश, मग सुनावणी, मग साधारण वर्षभराचा. टेक्सास, जॉर्जियात ही सोयच नाही, तिथे मुख्यतः मन वळवणं हाच मार्ग.

सल्ला हवा तर 988ला, म्हणजे अमेरिकेतल्या आत्महत्या व मानसिक संकटाच्या मदतवाहिनीला, फोन किंवा संदेश करा, घरच्यांनी केला तरी चालतो. प्रसंग त्या क्षणाचाच असेल तर 911, हा तिथला तातडीच्या मदतीचा क्रमांक. घरात बंदूक आहे आणि ती आत्ता कुठे आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा.