मदत हवी आहे : लेक जेवत नाही, पुण्यात फॅमिली बेस्ड थेरपी कोण करतं?

माझी लेक १४ वर्षांची. दिवाळीपासून भात बंद, मग पोळी अर्धी, आता वरणावरचं तूप चमच्याने काढून ताटाच्या कडेला ठेवते. ४ महिने पाळी नाही, भर उन्हात स्वेटर. आम्ही आधी 'नखरे' म्हणून ओरडलो, त्याचं फार वाईट वाटतं.

निदान ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं कमी करत जाण्याचा मानसिक आजार. नाडी मिनिटाला ४८, म्हणजे फारच कमी, म्हणून ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस तपासलं. उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तर फॉस्फरस घसरून हृदयाला धोका होतो, त्यामुळे आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवतोय.

डॉक्टरांनीच ही फॅमिली बेस्ड थेरपी सुचवली. मूळ लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधली. काय, किती खायचं हे काही काळ आईवडील ठरवतात, मुलीला दोष न देता. पटतंय. पण ताटापुढे ती तासभर रडते तेव्हा माझा धीर सुटतो.

पुण्यात किंवा ऑनलाइन, मराठीतून हे करणारं कोणी माहीत आहे का? ज्यांच्या घरी हे झालंय, त्यांनी जेवताना मुलीशी काय बोलायचं ते सांगा. आणि सासूबाई रोज 'किती वाळलीस गं' म्हणतात, प्रेमानेच, पण ती लगेच ताट सरकवते. त्यांना कसं समजावू?