काडी आसा? विडी-सिगारेटीचे अनुभव

गणपतीला गावी गेलो होतो. पडवीच्या कोनाड्यात आबांचा विड्यांचा पत्र्याचा डबा सापडला. आबा जाऊन अकरा वर्षं झाली, पण झाकण उघडलं आणि वास तोच. मी ओढत नाही, तरी विचारावंसं वाटलं: तुम्हाला हे सुख कुठे, कसं मिळालं? तोटे सगळ्यांना पाठ आहेत, ते इथे नकोत. आलेली उत्तरं गावांच्या नावांनी खाली देतोय.

हर्णै: रात्री जाळं टाकून झालं की दोन-तीन तास नुसतं बसायचं. इंजिन बंद, बोट डोलतेय. वाऱ्यात काडी पेटवणं हीच परीक्षा. दोन्ही हातांची ओंजळ करून तोंड आत घालायचं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, एका काडीत पेटवायचा, मी पाच घालवायचो. पहिला झुरका आत गेला की डिझेलचा वास कुठल्या कुठे जायचा. शिवाय विडी सिगारेटसारखी आपली आपण जळत नाही, बोलत बसलात की विझली. मग 'काडी दे रे'. एरवी नुसता ओरडणारा तांडेल तेवढ्यापुरता माणसासारखा बोलायचा.

कुडाळ: पावसात बंडल सादळायचं, म्हणून चुलीच्या वैलावर शेकत ठेवायचे. लावणीत बाबा बांधावर बसून विडी ओढायचे, तेवढीच आम्हा पोरांनाही पाठ सरळ करायला सवड. त्यामुळे विस्तव आणायला आम्हीच पळायचो!

वेंगुर्ला: आमच्याकडे राखणदारालाही, म्हणजे गावची राखण करणाऱ्या देवालाही, विडी लागते. पेटवून दगडावर ठेवतात. एकदा मध्येच विझली तर काका गंभीरपणे म्हणाले, "वढूक नाय तेणी, रागावलो आसतलो." परत पेटवली.

राजापूर: विषय विडीचा, पण आजीची मशेरी सांगतेच. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, सगळं घर ठसकायचं. मग बोटावर घेऊन मागच्या पायरीवर बसायची. त्या वेळी तिला हाक मारायची नाही, घरात पाहुणे आले तरी.

चिपळूण: मी ट्रकवर होतो. परशुराम घाट उतरला की एक कटिंग आणि एक सिगारेट, हे ठरलेलं. २००८ला सार्वजनिक जागी बंदी आली तेव्हा टपरीच्या मागे जाऊन ओढायला लागलो. पुढे डॉक्टरांनी सोडायला लावली, चार वर्षं झाली. चहा अजून अर्धाच पितो. उरलेला कशाबरोबर प्यायचा?