गोड्या पाण्यातल्या आउटबोर्डची देखभाल

गोड्या पाण्यात आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या बाजूला लावायचं इंजिन, वापरल्यावर ते आतून धुवायची गरज नाही, असं एका भाऊंनी लिहिलंय. मीठ नसतं हे खरं, पण तापीचा गाळ? पावसाळ्यात हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवकडे पूर्णा मिळते तिथं, पाणी नुसतं गढूळ असतं. त्यातली बारीक रेती इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी ओढणाऱ्या पंपातल्या रबरी इम्पेलरच्या (फिरत्या चाकाच्या) पात्या घासून टाकते. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की लगेच इंजिन बंद करा, नाहीतर ते तापून जाम होईल. पात्या वाकड्याच राहिल्या असतील तर इम्पेलर नवाच टाका.

आणि जाळ्याची तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा! पंख्यामागे शाफ्टला (दांड्याला) गुंडाळलेली तंगूस ऑइल सील, म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी, कापते. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं, म्हणजे त्यात पाणी शिरलं, तर आधी तिथंच बघा.