लेकीला ट्रॅक स्प्रिंट सायकलिंग करायचंय, यात करिअर आहे का?

भाट्याची_आई
नमस्कार, आम्ही रत्नागिरीचे. लेक पंधराची, दहावीला. भाट्याच्या पुलावर दोनशे मीटर तिच्यापुढे कोणी टिकत नाही पण चढण लागली की बाकीच्या मुली तिला मागे टाकून निघून जातात. पीटीचे सर म्हणतात ही ट्रॅक स्प्रिंटची मुलगी आहे. मी व्हिडिओ बघितले तर दोघीजणी चालल्यासारख्या हळूहळू सायकल चालवतात, मागे वळून वळून बघतात आणि एकदम सुटतात, हा काय प्रकार आहे? घरचे म्हणतात याने नोकरी कोण देणार. आणि खरं सांगू, मला ती पडेल याचीच भीती वाटते.

बालेवाडीकर
ताई, सर बरोबर बोलले. चढणीला दम लागतो, स्प्रिंटला स्फोटक ताकद, दोन्ही वेगळी शरीरं. आणि त्या हळू चालवतात कारण पुढचीला वारा कापावा लागतो, मागची तिच्या आडोशाला ताकद राखून ठेवते, म्हणून पुढे जायचं कोणालाच नसतं. शेवटच्या 200 मीटरचा खेळ तो. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, पेडल फिरतच राहतं, वळणावर 250 मीटरचा ट्रॅक चाळीसेक अंश तिरपा असतो. अर्धं काम जिममध्ये, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट, रोज पन्नास किमी मारून स्प्रिंटर होत नाही हे आधी तिच्या डोक्यात घाला.

वाशिष्ठी
वयाची घाई नको. कॅनडाची केल्सी मिचेल फुटबॉल खेळायची, 2017 मध्ये टॅलेंट टेस्टमधून सायकलवर आली आणि टोकियो ऑलिंपिकला स्प्रिंटचं सुवर्ण घेतलं. आपली डेबोरा हेरॉल्ड निकोबारची, 2004 च्या त्सुनामीत लहानपणी झाडावर अडकून राहून वाचली आणि पुढे देशाची अव्वल स्प्रिंटर झाली, किनाऱ्यावरचीच पोर ती पण. पैशाचं म्हणाल तर फक्त शर्यतींवर पोट भरणं जपानसारख्या ठिकाणी, तिथे बायकांची केरिन, म्हणजे लोक पैजा लावतात ती ट्रॅकवरची शर्यत, 2012 पासून पुन्हा सुरू आहे. इकडे रेल्वे, पोलीस, सरकारी नोकरीतला खेळाडूंचा कोटा, हाच आधार. म्हणून दहावी सोडू नका, प्लीज.

लाल_हँडल
मी नॅशनलपर्यंत खेळलेय, मूळची देवगडची. पडण्याचं लपवणार नाही. जर्मनीची स्प्रिंटर क्रिस्टिना फोगेल दोनदा ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली, 2018 मध्ये सराव करताना धडक झाली आणि कमरेखाली लुळी पडली. ऑस्ट्रेलियाची स्प्रिंटर ॲना मीअर्सची मान 2008 च्या जानेवारीत मोडली, त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकला तिने रौप्य जिंकलं. मी सिमेंटच्या ट्रॅकवर पडले तेव्हा डाव्या मांडीची सालटं निघाली, महिनाभर त्या कुशीवर झोपता आलं नाही. तरी परत चढले. वरच्या रेषेवरून खाली सुटताना हेल्मेटमध्ये नुसता टायरचा घूं आवाज येतो आणि पोटात गोळा येतो, त्यासाठीच आम्ही जातो काय सांगू.
तिचा दहावीचा पेपर संपला की मे महिन्यात पुण्याला आणा, माझी जुनी ट्रॅक सायकल घरी पडून आहे. पण तिची उंची आणि पायाची लांबी टेलरकडच्या टेपने मोजून कळवा, फ्रेम मोठी झाली तर पहिल्याच दिवशी घाबरेल ती.

भाट्याची_आई
उंची 5 फूट 4 इंच, पाय उद्या मोजते. तिने हे सगळं वाचलं, पडण्याचं पण वाचलं. मान हलवत बसलीये आणि विचारतेय मे कधी येणार.